बाधित व्यक्ती हजर हवी

शेवटचा साधा दिवस दारं ओढून पाहण्यात गेला. म्हणजे नेहमीसारखाच गेला.

आत्याकडे जेवायला जायचं होतं. आई, बाबा आणि थोरली लेक जिना उतरून गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत पोचले, आणि तिथे बाबा थबकले. आईने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पर्स काखेत घट्ट धरून ती म्हणाली, "जा. ओढून या."

"लावलंय गं मी. मला पक्कं माहितेय."

"मग चला."

"पण एकदा..."

"तेच म्हणतेय मी. जा."

ते गेले, कुलूप ओढलं, आले, आणि बस गेली. या घराने एकही बस वेळेवर धरल्याचं कुणाला आठवत नव्हतं. लग्नालासुद्धा नवरदेव उशिरा पोचला होता, कारण निघता निघता तो शहामृगाच्या पिंजऱ्याचं दार ओढून पाहायला प्राणिसंग्रहालयात, आपल्या नोकरीच्या जागी, गेला होता. आईच्या माहेरच्यांनी ते कारण तेव्हाही खरं मानलं नाही आणि पुढेही कधी मानलं नाही.

आत्याकडे जेवण झालं. बाबांनी तिचा फ्रिज दोनदा लावून पाहिला.

"अरे, फ्रिज आहे तो," आत्या म्हणाली. ती मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली होती, पण तिच्या आवाजाला ते अजून कुणी कळवलं नव्हतं. "त्यातलं काही पळून जाणार नाही."

"अक्के, शहामृगाबद्दलही लोक तेच म्हणायचे," बाबा म्हणाले. सगळे हसले. मग सगळे एकदम हसायचे थांबले आणि आईने विषय बदलला.

परत येताना बसमध्ये बाबा थोरलीच्या शेजारी बसले. त्यांच्या अंगाला कुत्र्यांच्या शाम्पूचा वास येत होता. प्राणिसंग्रहालयाने काढून टाकल्यापासून ते जनावरांच्या दवाखान्यात कुत्र्यांना आंघोळ घालायचं काम करत. "आज एक इतका मोठा होता," ते म्हणाले, "की शेवटी मीच जास्त स्वच्छ झालो." थोरली हसली. तिने पुस्तक उघडलं. एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले नाहीत. आई सांगायला आली तेव्हा थोरली दात घासत होती. ती म्हणाली, "बरं." मग तिने तोंड धुतलं, ब्रश जागेवर ठेवला आणि त्या खोलीत गेली.

त्यानंतर घरात सगळ्यांनी तो शब्द उच्चारला. आई रडत उच्चारी, आत्या ताठ मानेने, आणि काका तर फोनवर इतक्या वेळा की त्याचा सूर त्यात छान लागायला लागला होता. थोरलीला मात्र तो जमेना. दिवसभर छापखान्यात बसून ती लोकांचे शब्द दुरुस्त करी, पण स्वतःचा एक तिच्या घशाखाली उतरत नव्हता आणि घशाबाहेर पडत नव्हता. बँकेतून फोन आला, दवाखान्यातून आला, ती म्हणे, "ते घरी नाहीत." पलीकडच्याला वाटे, संध्याकाळी येतील.

आणि म्हणूनच पुढचा सगळा गोंधळ झाला.

कारण एक फोन प्राणिसंग्रहालयातून आला. बाई फार गोड बोलत होती. शहामृग पळाल्याच्या प्रकरणाची फेरचौकशी पूर्ण झाली आहे, दोष साहेबांचा नव्हता असं निष्पन्न झालंय, नवे संचालक स्वतः त्यांची माफी मागू इच्छितात. साहेब आहेत का?

"ते घरी नाहीत," थोरली म्हणाली.

"काही हरकत नाही. रविवारी सकाळी येतील ना?"

थोरलीने फोन कानाला लावून भिंतीकडे पाहिलं. सात वर्षं ज्या वाक्याची घर वाट पाहत होतं ते वाक्य आलं होतं, आणि ते ऐकायला तिथे तीच एकटी उभी होती. "मी विचारते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

*

"विचारते?" आत्याचा कप बशीवर आपटला. "कुणाला विचारणार होतीस?"

घरातली सगळी बैठकीच्या खोलीत जमली होती. आई खिडकीशी, आत्या बाबांच्या खुर्चीत, आणि काका उभा, कारण बसून त्याला बोलता येत नसे. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. आयुष्यभर विमा विकला आणि हौशी नाटकांत म्हाताऱ्यांच्या भूमिका केल्या. आता स्वतः म्हातारा झाला होता तर कुणी भूमिका देत नव्हतं.

"अक्का, तिला बोलू नकोस," काका म्हणाला. "लेकरू आहे."

"चाळीस वर्षांचं लेकरू!"

"मी पुन्हा फोन केला होता," थोरली म्हणाली. "विचारलं, की समजा ते येऊ शकले नाहीत, तर घरच्यांसमोर माफी मागाल का? तर म्हणाली, नियमात बसत नाही. दिलगिरी व्यक्त करताना बाधित व्यक्ती हजर हवी. हजर नसेल तर प्रकरण आपोआप बंद होतं."

मग आत्या सावकाश म्हणाली, "म्हणजे माणूस मेला की यांची चूकही मेली."

"काय हुशार आहेत," काका म्हणाला. त्यात थोडं कौतुकही होतं. विम्यातला माणूस.

प्रकरण घरातल्या सगळ्यांना तोंडपाठ होतं, तरी आत्याने ते पुन्हा सांगितलं, कारण रागावल्यावर तिला धडा पहिल्यापासून घ्यायची सवय होती. संग्रहालयाने पिंजऱ्यांना नवी विजेची कुलपं बसवली. बाबांना ती आवडली नव्हती, कारण ती ओढून पाहता येत नसत. एका दुपारी शहामृगाचं कुलूप आपलं आपण उघडलं. शहामृगीण, जिला बाबा बाईसाहेब म्हणत, शांतपणे फाटकातून बाहेर पडली, बाजाराच्या रस्त्याने चालत गेली आणि आरशांच्या दुकानात शिरली. तिथे तिला तिच्यासारख्या वीसपंचवीस दिसल्या. त्यातली एकही बाजूला व्हायला तयार नव्हती. पुढचं दुकानदार अजून सांगतो. त्याच संध्याकाळी जुन्या संचालकांनी संग्रहालयाच्या लाउडस्पीकरवरून, जिथून एरवी हरवलेल्या मुलांची नावं पुकारतात तिथून, सगळ्या गर्दीला सांगितलं की एका कर्मचाऱ्याने निष्काळजीपणे दार उघडं टाकलं आणि त्याला काढून टाकण्यात आलं आहे. बाबा तेव्हा फाटकाशीच होते, बाईसाहेबांच्या मानेतली काच काढत.

"दार उघडं टाकलं!" आत्या म्हणाली. "ह्याने! माझा फ्रिज..." आणि तिला पुढे बोलता येईना.

"आणि आता कशी उपरती झाली?" आईने विचारलं.

"विश्वस्तांच्या जेवणाच्या वेळी माकडांचं कुलूप उघडलं," थोरली म्हणाली. "तसंच. आपोआप."

"चोर सोडून संन्याशाला फाशी," आत्या म्हणाली. "आणि चोराच्या ताटातलं माकडाने खाल्लं तेव्हा चोराला संन्यासी आठवला."

"शिवाय कुलूप दुरुस्त करणाऱ्याने त्यांना आधीच सांगितलं होतं म्हणे. शहामृग पळायच्याही आधी. चौकशीत निघालं ते, फोनवरची बाई बोलून गेली. पण हे ते बोलणार नाहीत. मला दोन गोष्टी हव्यात," थोरली म्हणाली, आणि सगळे तिच्याकडे वळले, कारण ती काही मागत नसे. "दार बाबांनी लावलं होतं, हे. आणि कुलूप खराब आहे हे यांना माहीत होतं, हे. त्याच लाउडस्पीकरवरून. तिथे सांगितलं ना, मग तिथेच."

"पण बाधित व्यक्ती हजर हवी," आई म्हणाली.

तेव्हा काकाने घसा खाकरला. केस मागे घेतले. खांदे जरा खाली सोडले, डोकं एका बाजूला कलवलं, आणि तो बाबांच्याच आवाजात म्हणाला, "लावलंय गं मी. मला पक्कं माहितेय."

आईच्या हातून चमचा पडला.

"सोंग बंद कर," आत्या ओरडली. पण तिने काकाकडे पाहिलं, मग अजून नीट पाहिलं. "नाक मात्र तेच आहे."

"नवे संचालक दादाला ओळखत नाहीत. मी जातो, उभा राहतो, ते माफी मागतात, आपण घरी."

"हे चुकीचं आहे, भावजी," आई म्हणाली.

"वहिनी, ते खोटं बोलले तेव्हा कुणी आपल्याला विचारलं होतं?"

"ह्यांना आवडलं नसतं."

"दादाला तर उभं राहणंसुद्धा आवडलं नसतं. स्टेजवर चढायला सांगितलं की दादाच्या पोटात दुखायचं. तो असता तरी मीच गेलो असतो त्याच्या वतीने."

आता आत्या आईच्या बाजूकडून काकाच्या बाजूला गेली. मग काका म्हणाला की वेशभूषेला तो दादाचा कोट वापरेल, तशी आत्या परत आईच्या बाजूला आली. मग आईच म्हणाली की कोट काखेत उसवलाय, शिवावा लागेल, आणि उठून सुईदोरा शोधायला लागली. थोरलीच्या लक्षात आलं की ठराव पास झाला आहे.

"एकच अट," ती म्हणाली. "काका, तू बोलायचं नाहीस. फक्त ऐकायचं."

"एक शब्द नाही," काका म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर, नाटकात मुक्याची भूमिका मिळालेल्या माणसाची निराशा होती.

*

तिकिटाच्या खिडकीवरची बाई जुनी होती. बाबांबरोबर तिने वीस वर्षं चहा प्यायला होता. तिने काकाकडे पाहिलं, मग कोटाकडे, मग आईच्या रिकाम्या कपाळाकडे. तिचे डोळे भरले. "या," ती काकाला म्हणाली. "बारीक झालात." आणि चौघांना तिकीट न घेता आत सोडलं.

संचालक तरुण होते, नीटनेटके, आणि त्यांनी काकाचा हात दोन्ही हातांत धरला. "साहेब, किती बरं वाटलं. लोक म्हणतात तुम्ही फार कमी बोलता."

काकाने मान हलवली. फार उत्तम हलवली. थोरलीला वाटलं, एखाददोन टाळ्या पडायला हव्या होत्या.

"आम्ही एक छोटीशी कल्पना राबवतोय," संचालक म्हणाले. "या मोसमात शहामृगाचं पिल्लू झालंय. त्याला साहेबांचं नाव द्यायचं."

"पिल्लाला?" आत्याने विचारलं.

"सन्मान म्हणून."

"म्हणजे उद्या ते पळालं," आत्या म्हणाली, "की तुम्ही लाउडस्पीकरवरून पुन्हा आमच्या भावाचंच नाव घेणार."

संचालकांना हे सुचलं नव्हतं. त्यांनी खिशातला रुमाल काढला. "हवं तर मोराचा विचार करू."

"माफी," थोरली म्हणाली. "आपण माफीसाठी आलोय."

लाउडस्पीकरची खोली संचालकांच्या ऑफिसला लागूनच होती. एक टेबल, एक माइक, माइकच्या बुडाशी एक लाल दिवा. बाहेर रविवारची गर्दी होती. खिडकीतून जिराफाच्या पिंजऱ्यापाशी उभी असलेली मुलं आणि त्यांच्या हातांतले फुगे दिसत होते. संचालकांनी बटण दाबलं, दिवा लागला, आणि ते बोलायला लागले. त्यांचा आवाज भिंतीपलीकडून पुन्हा आत येत होता, थोडा मागून, वरातीमागच्या घोड्यासारखा.

"मित्रहो. काही वर्षांपूर्वी आपल्या संग्रहालयात एक दुर्दैवी प्रसंग घडला. काही तांत्रिक अडचणींमुळे एका ज्येष्ठ सहकाऱ्याबद्दल काही गैरसमज पसरले. त्याबद्दल संस्थेला खेद वाटतो. ते सहकारी आज आपल्यात आहेत."

संपलं. दाराचा उल्लेख नाही, कुलपाचा नाही. आईने थोरलीकडे पाहिलं. आणि थोरलीने तोंड उघडायच्या आत संचालकांनी प्रेमाने माइक काकापुढे सरकवला.

काकापुढे माइक. बाहेर हजारभर माणसं. याहून मोठं थिएटर त्याच्या आयुष्यात कधी आलं नव्हतं. थोरलीने त्याचा कोट ओढला. नुकतीच शिवलेली काख टर्रकन उसवली.

"मित्रांनो," काका भरल्या आवाजात म्हणाला, "झालं गेलं गंगेला मिळालं. माझ्या मनात किल्मिष नाही. मी सगळ्यांना माफ केलं."

"काय केलंस?" आत्या किंचाळली.

"अक्का, त्या क्षणी..."

"तू कोण रे माफ करणारा? तुझ्या मानेला काच लागली होती?"

"शहामृगाच्या मानेला, अक्का."

"भावजी," आई म्हणाली, अगदी हळू, "सात वर्षं ते त्या रस्त्याने गेले नाहीत. आरशाच्या दुकानावरून. पोरं मागून शहामृग शहामृग ओरडायची. आणि तुम्ही एका वाक्यात माफ केलंत?"

काकाचे खांदे आता कुणाच्याच भूमिकेत नव्हते. "चुकलं वहिनी," तो म्हणाला. "टाळी ऐकू आल्यासारखी वाटली."

संचालक एकाकडून दुसऱ्याकडे बघत होते; या गलक्यातून त्यांना एवढंच कळलं होतं की घरचे माफीवर खूश नाहीत. ते अर्धवट उठले, अर्धवट बसले. सगळे एकदम बोलत होते, आणि तेवढ्यात थोरलीला दोन गोष्टी दिसल्या. खिडकीबाहेर जिराफाकडे आता कुणी बघत नव्हतं. सगळी माणसं खांबावरच्या कर्ण्याकडे तोंड वर करून उभी होती. आणि माइकचा लाल दिवा चालू होता.

ती खुर्ची ओढून संचालकांच्या समोर, टेबलाजवळ, बसली. छापखान्यात ज्या आवाजात ती लेखकांना शंका विचारायची त्याच आवाजात म्हणाली, "तुमच्या बोलण्यातला एक भाग मला कळला नाही. गैरसमज कसला होता?"

"बाईसाहेब, आता कशाला..."

"मला फक्त समजून घ्यायचंय. दार उघडं राहिलं होतं का?"

"नाही हो. दार लावलेलं होतं. चौकशीत स्पष्ट आहे. कुलूप आपोआप उघडलं."

"म्हणजे लावणाऱ्याची चूक नव्हती."

"मुळीच नाही."

"कुलूप खराब आहे हे तेव्हा संस्थेला माहीत नसेल."

संचालक थकले होते. समोर एक शांत, समंजस बाई होती; या सगळ्या कुटुंबात तेवढीच. "माहीत होतं," ते म्हणाले. "दुरुस्तीवाल्याने आधीच सांगितलं होतं. पण सगळी कुलपं बदलायची म्हणजे संग्रहालय बंद ठेवावं लागलं असतं, सुट्टीच्या मोसमात. माणूस बदलणं सोपं होतं. माझ्या काळातलं नाही हे, पण खरं तसंच आहे. आता तुम्हीच सांगा, हे काय लाउडस्पीकरवरून सांगायचं असतं?"

त्यांचं शेवटचं वाक्य, थोडं मागून, बाहेरून आत आलं.

त्यांनी माइककडे पाहिलं. बाहेर कुणीतरी मोठ्याने "अरेरे" म्हणालं, आणि मग खिडकीपलीकडे समुद्रासारखा आवाज उठला. तिकिटाच्या खिडकीवरची बाई खुर्चीवर उभी राहून टाळ्या वाजवत होती. आत्याने पदराने तोंड झाकलं. ती रडत होती की हसत होती ते तिलाही ठरवता येत नव्हतं.

संचालकांचा हात बटणाकडे गेला. थोरलीने तो अडवला नाही, पण तो बटणापर्यंत पोचलाही नाही, कारण मधे आईने आपली पर्स ठेवली होती.

"ठीक आहे," संचालक शेवटी म्हणाले. चेहरा पांढरा पडला होता, तरी ते उठून पळाले नाहीत, हे थोरलीने मनात नोंदवलं. ते काकाकडे वळले आणि पहिल्यांदाच माइकसाठी बोलावं तसं न बोलता बोलले. "साहेब, दार तुम्ही लावलं होतं. आम्हाला माहीत होतं. आम्ही तुमच्यावर ढकललं. मी माफी मागतो. तुम्ही मघाशी मोठ्या मनाने माफ केलंत. आता तरी खरंखुरं माफ करा, म्हणजे हे संपेल."

काकाने थोरलीकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. हवं होतं ते सगळं मिळालं होतं. आता घरी जायचं, एवढंच बाकी होतं. काकाने फक्त एकदा मान हलवली असती की झालं असतं, आणि त्या मान हलवण्याने बाबा आणखी एक दुपार कुठेतरी बाहेर असल्यासारखे राहिले असते, कुणाच्याही रविवारी हजर राहू शकणारे.

थोरलीने माइक आपल्याकडे ओढला. तो जड होता. इतका जवळ आला की तिचा श्वास बाहेर झाडांत ऐकू आला.

"हे माझे काका आहेत," ती म्हणाली. "माफ करणं त्यांच्या हातात नाही, माझ्याही नाही. माफी ज्यांची मागायची होती ते येणार नाहीत."

तिने थांबून आईचा हात धरला.

"माझे बाबा गेले."